खारोन, त्याची नाव आणि एक ओबोल: व्हिडिओ गेममधल्या मृतांच्या नावाड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खारोन म्हणजे नेमका कोण?

ग्रीक पुराणांतला तरीवाला. माणूस मेला, अंत्यविधी झाले, की हर्मिस त्याच्या आत्म्याला पाताळातल्या नदीकाठी आणून सोडतो. तिथून पैलतीरी नेण्याचं काम खारोनचं. भाडं एक ओबोल. पैसे नसतील किंवा प्रेताला मूठमातीही मिळाली नसेल, तर ऐलतीरावर भटकत बसायचं. रोमन कवी व्हर्जिलने ही मुदत शंभर वर्षं सांगितली आहे.

होमर आणि हेसिअड या सर्वांत जुन्या कवींकडे खारोनचा पत्ता नाही. तो ठळक दिसतो तो इसवी सनपूर्व पाचव्या शतकात: नाटकांत, आणि अथेन्समध्ये थडग्यांपाशी ठेवायच्या पांढऱ्या तेलकुप्यांवरच्या चित्रांत. त्या चित्रांतला खारोन भुतासारखा नाही. डोक्याला कामगाराची निमुळती टोपी, एक खांदा उघडा ठेवणारा आखूड अंगरखा, हातात वासा. कुठल्याही धक्क्यावर भेटावा असा माणूस. दाढी पिंजारलेला, डोळ्यांत अंगार असलेला, मळकं वस्त्र खांद्यावर गाठ मारून घेतलेला भेसूर म्हातारा हे व्हर्जिलचं चित्र. मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेने त्याच्या डोळ्यांभोवती आगीची चक्रं दिली आणि रेंगाळणाऱ्यांना वल्ह्याने बडवायला लावलं. बहुतेक गेम या दुसऱ्या परंपरेतून येतात.

उच्चार कॅरॉन, चॅरॉन की खारोन?

ग्रीक उच्चाराच्या जवळ ‘खारोन’. इंग्रजी संवादांत ‘कॅरन’ ऐकू येतं. ‘चॅरॉन’ मात्र कुठेच बरोबर नाही, ते निव्वळ स्पेलिंग वाचून होतं. प्लूटोच्या चंद्राला बरेच खगोलशास्त्रज्ञ ‘शॅरन’ म्हणतात, त्याला कारण आहे. १९७८ साली तो शोधणाऱ्या जेम्स क्रिस्टी यांची पत्नी शार्लिन. तिच्या नावाशी जुळणारं नाव त्यांनी सुचवलं आणि ते पाताळातल्या नावाड्याचंही निघालं.

खारोन म्हणजे ग्रीकांचा यमदूत का?

नाही, आणि गेममध्ये सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. ग्रीकांकडे खाती वेगवेगळी आहेत. हेडीस हा पाताळाचा राजा, थॅनाटोस म्हणजे प्रत्यक्ष मृत्यू, हर्मिस वाटाड्या, सर्बेरस दारावरचा कुत्रा. खारोन कुणाचे प्राण घेत नाही, न्यायनिवाडा करत नाही, शिक्षा देत नाही. तो भाडं घेतो आणि नाव हाकतो. त्याच्या हातात वल्ह्याऐवजी विळा दिसला, की तिथे युरोपातल्या मध्ययुगीन मृत्यूची सरमिसळ झाली आहे असं समजावं.

प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचा ‘खारुन’ मात्र खरोखरच भीतिदायक आहे: निळसर कातडी, गिधाडासारखं नाक, हातात हातोडा. आजच्या ग्रीक लोकगीतांतला ‘खारोस’ तर थेट मृत्यूच झाला आहे. म्हणजे सरमिसळ गेमवाल्यांनी सुरू केली नाही, ती जुनीच आहे.

ओबोल म्हणजे किती पैसे? आणि नाणं डोळ्यांवर ठेवायचे की तोंडात?

तोंडात. डोळ्यांवरची दोन नाणी सिनेमांत दिसतात. ग्रीक मजकुरांत नाणं तोंडात आहे आणि त्यामागे साधी व्यवहाराची गोष्ट आहे: अथेन्सचा सामान्य माणूस बाजारात जाताना सुटी नाणी गालातच ठेवायचा. तोंड हाच बटवा. चांदीचा ओबोल जेमतेम पाऊण ग्रॅमचा, हातातून निसटला तर धुळीत सापडायचा नाही. ॲरिस्टोफनीसच्या विनोदी नाटकांत तोंडातला ओबोल गिळून बसलेला माणूस येतो तो यामुळेच. उत्खननांत तोंडात नाणं असलेले सांगाडे मिळतात, पण ते थोडे. काहींच्या हातात नाणं असतं, बहुसंख्यांकडे नसतंच.

सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा. पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समधल्या कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा होती. म्हणजे पैलतीराचं भाडं दिवसाच्या मजुरीच्या सहाव्या हिश्शाएवढं. गरिबालाही परवडावं, पण फुकट वाटू नये, असा दर. ॲरिस्टोफनीसच्या ‘बेडूक’ या इसवी सनपूर्व ४०५ सालच्या नाटकात तो दोन ओबोल होतो, आणि वर उतारू म्हणून आलेल्या डायोनायसस या मद्यदेवाला स्वतःच वल्हवावं लागतं.

हा हिशेब डोक्यात ठेवून ‘हेडीस’ गेममधल्या किमती पाहिल्या की गंमत वाटते. तिथे देवाचा एक वर, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘बून’, १५० ओबोलला मिळतो. अथेन्सच्या कारागिराची ती पंचवीस दिवसांची कमाई झाली.

आपल्याकडे मृताच्या तोंडात तुळशीपत्र, गंगाजल, क्वचित सोन्याचा कण ठेवतात. रूप सारखं दिसलं तरी अर्थ वेगळा आहे. आपल्याकडे ते पावित्र्यासाठी, तिकडे तिकिटासाठी.

नावाडी असून गेममध्ये तो दुकानदार का होतो?

कारण नावेत बसणं कंटाळवाणं असतं. खेळाडूच्या हातात कंट्रोलर आहे आणि नाव दुसराच हाकतोय, हे अर्धा मिनिट चालतं. त्यानंतर माणूस फोन उचलतो. मूळ कथेतल्या दोन गोष्टींपैकी नाव गेमला जड जाते, पण नाणं गेमच्या रक्तातच आहे. प्रत्येक गेममध्ये काहीतरी गोळा करायचं असतं आणि कुठेतरी खर्चायचं असतं. पैसे घेतल्याशिवाय काहीच न करणारा, गप्प, तटस्थ इसम पुराणात आयता तयार आहे. मग त्याला गल्ल्यावर बसवणं साहजिकच.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. खारोनला व्यवहार करू दिलेल्या गेममध्ये तो शोभतो. त्याला नुसता मारायचा राक्षस केलेल्या गेममध्ये त्याच्या जागी दुसरं कुणीही चाललं असतं.

‘हेडीस’मध्ये खारोनकडे काय घ्यावं आणि काय सोडावं?

सुपरजायंट गेम्सचा हा खेळ १७ सप्टेंबर २०२० रोजी पूर्ण स्वरूपात आला. हेडीसचा मुलगा झॅग्रियस पाताळातून पळायला बघतो. मेला की पुन्हा घरी, पुन्हा पहिल्यापासून. अशा प्रत्येक प्रयत्नाला ‘रन’ म्हणतात. ओबोल त्या रनपुरतेच टिकतात, मेल्यावर शून्य. म्हणून साठवून ठेवण्याला काही अर्थ नाही.

दुकानातले नेहमीचे दर असे: पॉम ऑफ पॉवर १००, सेंटॉर हार्ट १२५, बून १५०, डेडॅलसचा हातोडा २००. पैसे मर्यादित असतील तर हातोडा आधी घ्या. तो शस्त्राची चालच बदलतो आणि एका रनमध्ये फार कमी वेळा समोर येतो. पॉम असलेल्या बूनची पातळी वाढवतो, त्यामुळे रनच्या सुरुवातीला, हाताशी एकदोनच बून असताना, पॉमवर पैसे घालवणं वाया जातं. सेंटॉर हार्टने कमाल आयुष्य वाढतं. ज्यांना शेवटच्या लढतीत थोडक्यात मरायची सवय आहे त्यांनी ते लवकर घ्यावं.

नेहमीची चूक म्हणजे खोल्यांच्या मधल्या ‘खारोनच्या विहिरी’त पैसे उधळणं. तिथल्या बहुतेक वस्तू ठरावीक लढायांपुरत्याच टिकतात. पुढच्याच दारावर दुकानाची खूण दिसत असेल तर विहिरीकडे बघू नका. पुढे बॉस, म्हणजे प्रदेशाच्या शेवटचा मोठा शत्रू, असेल आणि दुकान नसेल, तर मात्र विहीर कामाची. विहिरीवरच खेळायचं असेल तर खारोनला नेक्टरची पहिली बाटली भेट द्या. बदल्यात ‘बोन अवरग्लास’ मिळतं. ते अंगावर असताना विहिरीच्या वस्तू पातळीनुसार ४, ६ किंवा ८ लढाया जास्त टिकतात.

सुरुवातीला हात मोकळा हवा असेल तर हिप्नोस या निद्रादेवाने भेट दिलेली नाण्यांची पिशवी उपयोगी पडते. ती घातली की रनमध्ये एकदा १०० ओबोल मिळतात, पातळी वाढवल्यावर १२५ आणि १५०. पहिला प्रदेश संपला की ती काढून दुसरी भेट घाला, कारण तिचं काम तिथेच संपलेलं असतं.

अवघडपणा वाढवायच्या अटींत एकीचं नाव ‘कन्व्हिनियन्स फी’ आहे. एका पातळीला सगळे दर ४० टक्क्यांनी वाढतात, दुसऱ्या पातळीला आणखी ४० टक्के. ऑनलाइन तिकिटं काढणाऱ्या माणसाला त्या विनोदाचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

दुकानात पडलेली नाण्यांची थैली उचलावी का?

कधीकधी खारोनच्या मालाशेजारी एक थैली असते आणि ती ‘उसनी’ घ्यायचा पर्याय दिसतो. उचललीत की खारोन तुम्हाला वेगळ्या जागी नेऊन वल्ह्याने लढतो. जिंकलात तर त्या रनपुरतं सवलतीचं कार्ड मिळतं: दुकानात २० टक्के सूट. बून १२० ला, हातोडा १६० ला. हरलात तर रन संपत नाही, त्यामुळे धोका दिसतो त्याहून कमी आहे.

लढाईआधी मोठी खरेदी करू नका, सूट मागून मिळते. थैली पहिल्या-दुसऱ्या प्रदेशात दिसली तर उचलणं फायद्याचं, कारण पुढे खर्चायला बरंच काही असतं. शेवटच्या प्रदेशापर्यंत, म्हणजे स्टिक्सच्या देवळापर्यंत पोचून खिसा रिकामाच असेल, तर २० टक्के कशाचे काढणार?

लढाईत लोक मरतात ते लांब पळाल्यामुळे. खारोनच्या वल्ह्याचा फटकारा रुंद असतो आणि जमिनीवरून सरकणाऱ्या लाटा लांब जातात. लाटेपासून दूर पळालात तर ती मागून गाठते. लाटेच्या आरपार डॅश, म्हणजे झटकन सरकण्याची चाल, मारा, डॅशच्या क्षणी इजा होत नाही. मग त्याच्या कडेला या, फटकारा संपला की दोन-तीन वार करा आणि पुन्हा सरका. चौथ्या वाराची हाव धरली की पुढचा फटका बसतोच.

खारोन बोलत का नाही?

‘हेडीस’मध्ये तो नुसता कण्हतो, घोगऱ्या आवाजात, आणि पडद्यावर ते कण्हणं अक्षरांत उमटतं. झॅग्रियसला मात्र सगळं समजतं, त्यामुळे त्याच्या उत्तरांवरून खारोन काय म्हणाला असेल ते आपण ताडायचं. एकाच पात्राच्या बोलण्यातून दुसऱ्याचा स्वभाव उभा करण्याची ही युक्ती फार चांगली साधली आहे. शिवाय कण्हण्याचं भाषांतर करावं लागत नाही, हा व्यवहारातला फायदा वेगळाच.

प्राचीन खारोन मात्र तोंडाळ आहे. ॲरिस्टोफनीसचा खारोन काठावर उभा राहून उतारूंना हाका घालतो, डायोनायससवर डाफरतो. लूशन या ग्रीक उपहासकाराच्या संवादांत मेनिपस नावाचा कफल्लक तत्त्वज्ञ भाडं बुडवतो आणि खारोन त्याच्याशी रस्त्यावरच्यासारखा भांडतो. ज्याच्याकडे काही नाहीच त्याच्याकडून घेणार काय, हा मेनिपसचा युक्तिवाद, आणि खारोन त्यापुढे हतबल होतो.

‘हेडीस’मध्ये त्याच्या नावेत बसायला मिळतं का?

पुढचं वाक्य कथेचा शेवट सांगणारं आहे, नको असेल तर हा प्रश्न सोडा. मुख्य कथा पूर्ण झाली की झॅग्रियस आणि त्याची आई पर्सेफोनी खारोनच्या नावेतून घरी येतात आणि तेव्हाच श्रेयनामावली सरकते. म्हणजे नावेचा प्रवास तिथे आहे जिथे खेळाडूला हाताने काही करायचंच नसतं. वर सांगितलेली अडचण यापेक्षा चांगली कुणी सोडवलेली नाही.

२५ सप्टेंबर २०२५ रोजी पूर्ण झालेल्या ‘हेडीस २’मध्येही खारोनचं दुकान चालू आहे. झॅग्रियसची बहीण मेलिनोए नायिका आहे आणि चलनात ओबोलऐवजी सोन्याचे क्राउन आहेत. पहिल्या भागातल्या किमतींचे आडाखे तिथे वापरू नका.

‘गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिंपस’मध्ये खारोनला हरवता येत नाही. काय चुकतंय?

पहिल्या भेटीत चुकत काहीच नाही, हरणं कथेतच लिहिलेलं आहे. २००८ साली पीएसपी या हातात धरायच्या यंत्रावर आलेल्या या भागात नायक क्रेटोस जिवंतपणी स्टिक्स पार करायला जातो, खारोन नकार देतो आणि लढाईनंतर त्याला टार्टारसमध्ये, म्हणजे पाताळाच्या तळाशी, भिरकावतो. तिथे झ्यूसचा लोखंडी पंजा मिळवायचा, परत यायचं आणि मग त्याला संपवायचं. जिंकल्यावर ‘खारोन्स रॅथ’ नावाची हिरव्या ज्वालांची जादू मिळते.

जिवंत माणसाला नकार देणं मात्र अगदी पुराणाबरहुकूम आहे. व्हर्जिलच्या काव्यात नायक इनिअसला खारोन आधी हाकलतो, सोन्याची डहाळी दाखवल्यावरच गप्प होतो. मग त्या धडधाकट देहाच्या वजनाने आत्म्यांसाठी बांधलेली नाव करकरते आणि फटींतून पाणी आत येतं. हर्क्युलिसला पलीकडे नेल्याबद्दल खारोनला वर्षभर बेड्यांत राहावं लागलं, असं व्हर्जिलचा जुना टीकाकार सर्व्हिअस सांगतो. एवढी शिक्षा भोगलेला माणूस क्रेटोसला सहजासहजी कसा नेईल?

‘दान्तेज इन्फर्नो’मध्ये खारोन दिसलाच नाही. कुठे आहे?

तुम्ही ज्याच्यावर उभे होता तोच खारोन. २०१० सालच्या या गेममध्ये नाव आणि नावाडी एकच आहेत, प्रचंड जहाज आणि त्याला राक्षसी तोंड. एका महाकाय पशूवर स्वार होऊन ते मुंडकं उपटायचं असतं. कल्पना दिसायला जबरदस्त आहे, पण खारोनकडे भाडं मागण्याइतकीही माणुसकी उरत नाही.

‘स्पिरिटफेअरर’मध्ये ओबोलने दुकानात काही विकत घेता येत नाही. मग ते कशाला?

दुकानात ग्लिम्स हे चलन चालतं, ओबोल नाही. हा गोंधळ नवख्यांचा हमखास होतो. मॉन्ट्रिअलच्या थंडर लोटस गेम्सने ऑगस्ट २०२० मध्ये काढलेल्या या खेळात खारोन सुरुवातीलाच निवृत्त होतो आणि काम स्टेला नावाच्या मुलीकडे सोपवतो. यापुढे नावाडी तुम्ही. बेटाबेटांवरून आत्मे गोळा करायचे, त्यांना जहाजावर राहायला घर बांधून द्यायचं, आवडीचं खायला करायचं, मनातलं ऐकायचं, आणि ते तयार झाले की ‘एव्हरडोअर’पर्यंत पोचवायचं.

आत्मा जहाजावर आला की भाडं म्हणून ओबोल देतो. तो बेटांवरच्या देवळीत वाहिला की नवी क्षमता मिळते, उदाहरणार्थ हवेत दुसरी उडी. एखाद्या उंच फळीवर पोचताच येत नसेल तर हाताच्या कौशल्यात कमी शोधू नका. बहुधा देवळी राहिली आहे, किंवा पुरेसे उतारू घेतलेले नाहीत. आणि समुद्रात पुढे वाटच मिळत नसेल, तर अल्बर्ट शार्कच्या गोदीत जहाजाची सुधारणा करून घ्यायची बाकी आहे.

खारोन हा कामगार आहे ही मूळ गोष्ट सगळ्या गेममध्ये याच एकाने पूर्ण ताणून धरली: काम आहे, म्हणजे बदली होते, निवृत्ती होते.

‘शिन मेगामी टेन्सेई ४’मध्ये मेल्यावर तो लाच मागतो. द्यावी का?

शेवटचा सेव्ह जवळचा असेल तर देऊ नका, परत लोड करा. दोन तासांची मेहनत जात असेल तर द्या. २०१३ साली निन्टेन्डो ३डीएसवर आलेल्या या गेममध्ये खारोनपुढे मृतांची रांग एवढी लांब असते की तो पैसे घेऊन तुम्हाला माघारी पाठवायला तयार होतो. गेममधलं चलन माक्का चालतं, किंवा ३डीएसची प्ले कॉइन्स. ही नाणी यंत्र खिशात ठेवून चालल्यावर मिळतात: १०० पावलांना एक, दिवसाला जास्तीत जास्त १०, साठा ३०० पर्यंत. रोज हजार पावलं चाला आणि मरण टाळा, हे एरवी डॉक्टर सांगतात.

‘कॅसलवेनिया २’मध्ये नावाडी चुकीच्या ठिकाणी नेतो. उपाय?

‘सायमन्स क्वेस्ट’, १९८७. ड्रॅक्युलाचं काळीज मिळवा, ते वस्तूंच्या यादीत निवडलेलं ठेवा आणि मगच नावाड्याशी बोला. तो ब्राहमच्या वाड्याकडे नेईल. काळीज जवळ असून निवडलेलं नसेल तर उपयोग नाही, आणि गेम हे धड सांगत नाही. हा नावाडी खारोन म्हणवून घेत नाही, पण योग्य वस्तू दाखवली की वाट बदलते ही युक्ती थेट सोन्याच्या डहाळीच्या वंशातली आहे.

नाव खारोन, पण नावाडी नाही, असं कुठे कुठे आहे?

‘फॉलआउट ३’मध्ये वॉशिंग्टनच्या अवशेषांतल्या ‘अंडरवर्ल्ड’ वस्तीत, ‘नाइन्थ सर्कल’ दारूगुत्त्यात एक बंदूकधारी घूल, म्हणजे किरणोत्साराने विद्रूप झालेला माणूस, उभा असतो, तो खारोन. ज्याच्याकडे त्याचा करारनामा, त्याचं तो ऐकतो. मालक २००० कॅप्स, म्हणजे गेममधलं चलन, मागतो. विकत घेतल्यावर तो सर्वांत आधी काय करतो ते स्वतःच पाहा, फक्त मालकाशी काही काम राहिलं असेल तर ते आधी उरका.

‘मास इफेक्ट’मध्ये प्लूटोचा चंद्र हा बर्फात गोठलेला यांत्रिक दुवा निघतो. त्यातून माणूस दूरच्या तारामंडळांत पोचतो. नावाची एवढी नेमकी निवड क्वचितच दिसते. ‘पोकेमॉन प्लॅटिनम’मधला म्हातारा शास्त्रज्ञ खारोन तर जपानी आवृत्तीत ‘प्लूटो’ आहे, कारण तो ज्या खलनायकी टोळीत आहे तिच्यातली नावंच ग्रहांवरून आहेत. ‘गोल्डन सन: द लॉस्ट एज’मध्ये खारोनला आवाहन करायला ८ व्हीनस आणि २ ज्युपिटर जिन, म्हणजे गोळा केलेले छोटे शक्तिजीव, लागतात. ‘इमॉर्टल्स फिनिक्स रायझिंग’मध्ये तर फक्त त्याची नाणी आहेत. ती देऊन कौशल्यं वाढवायची, माणूस गायब.

नदी स्टिक्स की ॲकेरॉन?

ग्रीक लेखकांकडे बहुधा ॲकेरॉन. रोमन काळात स्टिक्सचं नाव पुढे आलं आणि गेमांनी तेच उचललं. पाताळात नद्या पाच: या दोन, शिवाय विस्मृतीची लीथी, आगीची फ्लेगेथॉन आणि विलापाची कोकायटस.

मग ही आपली वैतरणीच ना?

कल्पना सख्ख्या बहिणींसारख्या, पण व्यवस्था वेगळी. गरुडपुराणातली वैतरणी रक्तामांसाची, पाप्याला भयाण वाटणारी. ती ओलांडायला आधार गायीचा, म्हणून गोदान. तिथे पगारी नावाडी नाही, पुण्याचा हिशेब आहे. खारोन पापपुण्य विचारत नाही. ओबोल असला की खुनीही चढतो. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून पालघर जिल्ह्यातून समुद्राला मिळणारी खरी वैतरणा मात्र मुंबईकरांना रोज पाणी पाजते.

आमच्या गेममध्ये खारोन घालायचा आहे. परवानगी लागते का? कशी सुरुवात करावी?

पात्र पुराणातलं आहे, कुणाच्या मालकीचं नाही. पण रुंद टोपी आणि जांभळा धूर सोडणारा ‘हेडीस’चा खारोन त्या कंपनीचा आहे, तो उतरवू नका. तेलकुप्यांवरचा टोपीवाला कामगार अजून फारसा कुणी वापरलेला नाही, तिथून सुरुवात करा.

आता जिथे हटकून घसरतं ते पाहू. नाव सरकते आणि खेळाडू जागच्या जागी राहून पाण्यात पडतो. कारण खेळाडूचं शरीर जगाच्या मोजमापात चालतं, त्याला खालची फळी हलली हे माहीत नसतं. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात नाव कायनेमॅटिक रिजिडबॉडी करा, ती फिजिक्सच्या ठोक्यावर मूव्हपोझिशनने हलवा आणि दर ठोक्याला नाव जेवढी सरकली तेवढं अंतर खेळाडूच्या हालचालीत मिळवा. रिजिडबॉडी असलेल्या खेळाडूला नुसतं नावेचं चाइल्ड करून भागत नाही. नाव अपडेटमध्ये आणि खेळाडू फिक्स्डअपडेटमध्ये हलत असेल तर चित्र थरथरतं. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनात नावेसाठी ॲनिमेटेबल बॉडी वापरा आणि फिजिक्सशी जुळवून घेण्याचा पर्याय चालू ठेवा. खेळाडू कॅरेक्टरबॉडी असेल तर तो आपोआप सोबत जातो.

नावेचं डुलणं फक्त दिसणाऱ्या मॉडेलला द्या. टक्कर ओळखणारी फळी सपाटच ठेवा. तीही डुलवलीत तर खेळाडू उतारावरून घसरत राहील.

दुसरा सापळा नाण्याचा. खेळाडूने शेवटचा ओबोल दुसरीकडे उडवला, ऑटोसेव्ह झालं, आता तो ऐलतीरावर कायमचा अडकला. उपाय तीन, कुठलाही एक पुरे: भाड्याचं नाणं वेगळं आणि न विकता येणारं ठेवा, ऐलतीरावरच नाणं मिळवायची कधीच न आटणारी सोय ठेवा, किंवा ॲरिस्टोफनीसप्रमाणे फुकट्याला वल्हवायला लावा. तिसरा सर्वांत मजेदार, कारण त्यातून प्रवासातही हाताला काम मिळतं.

तिसरा सापळा: नाव पैलतीरी, सेव्ह ऐलतीरीचा. लोड केल्यावर काठावर नावच नाही. नावेची जागा सेव्हमधून उचलू नका. खेळाडू ज्या काठावर असेल तिथे ती लोडच्या वेळी मांडा.

प्रवास वीस-तीस सेकंदांचा ठेवा आणि दुसऱ्या खेपेपासून तो टाळायची सोय द्या. दर मरणागणिक भाडं वाढवायचा मोह होतो, तो आवरा. जो आधीच हरतोय त्याचाच खिसा रिकामा होतो आणि खेळ तिथेच सुटतो.

परतीचं भाडं घ्यावं का?

पुराणात आधार आहे. अप्युलिअस या रोमन लेखकाच्या कथेत सायकी नावाची राजकन्या पाताळात जाते तेव्हा तिला तोंडात दोन नाणी ठेवायला सांगितलेलं असतं, एक जाण्याचं, एक येण्याचं. नदीत तरंगणारा एक मेलेला म्हातारा हात वर करून नावेत घ्या म्हणून विनवतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करायचीही सूचना असते. गेममध्ये परतीचं नाणं ठेवणार असाल तर ते जातानाच मागून घ्या किंवा खेळाडूला स्पष्ट दाखवा. पैलतीरावर पोचल्यावर ‘परत जायला आणखी एक’ असं सांगितलं, तर तो वरचा अडकण्याचा सापळा दुसऱ्या काठावर पुन्हा तयार होतो.